हा पाय काय काम करते?

पाय मोडलेला कोणीही समोर आला, की ते आधी एकच प्रश्न विचारत. "हा पाय काय काम करते?"

माणूस गोंधळे. "चालते साहेब," म्हणे.

"चालतात तं सगळ्यायचेच. काम सांग."

अकोल्याच्या दवाखान्यातले ते सर्जन. विलायतेत शिकून आलेले, पण जन्म बार्शीटाकळीकडच्या शेतकऱ्याघरचा, आणि बोली तीच ठेवलेली. मोठे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. ते खुर्चीवरून बोलतात. हे पाटलोणीसकट फरशीवर बसत आणि समोरच्याला म्हणत, "आता तुमी बसून दाखवा."

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती उशिराच. राजापेठेच्या पलीकडे आमचा भाजीचा मळा आणि थोडी संत्र्याची झाडं. नवरा गेल्यापासून अमरावतीचा बाजार मीच करत होते. एका सकाळी कोबीने भरलेली बैलबंडी नाल्यात कलंडली आणि तिचं चाक माझ्या मांडीवर आलं. गावातल्या डॉक्टरांनी पाय फळीला सरळ बांधला आणि विसरल्यासारखा बांधूनच ठेवला. फळी सुटली तेव्हा पाय चार बोटं आखूड होता आणि गुडघा लाकडासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, "चालता येतंय ना? देवाची कृपा समजा."

नुसतं चालून करायचं काय? निंदण, मेथी खुडणं, जुड्या बांधणं, बाजारात तागडी धरणं, सगळं उकिडवं बसून. मी स्टुलावर बसू लागले तर गिऱ्हाइकं हसत. "माळीणबाईची पाटलीण झाली." भाजी खाली, मी वर, वाकून वाकून पाठ जाई. शेवटी माझ्या जागेवर माझी धाकटी जाऊ बसली. दीर चांगल्या मनाने म्हणाला, "वैनी, तुमी आता बसून खा." मला बसताच येत नव्हतं, आणि तसं खायचं तर मुळीच नव्हतं. जिच्या हातून तागडी सुटली, तिचं मळ्यात कोणी ऐकत नाही, एवढं मला कळत होतं.

बडनेऱ्याला रेल्वेत संत्र्याच्या पेट्या चढवणाऱ्या एका हमालाने अकोल्याचं नाव काढलं. त्याचा मोडका पाय तिथेच दुरुस्त झाला होता आणि त्याच पायाने तो डोक्यावर पेटी घेऊन फळीवर चढत होता. मला एवढा पुरावा पुरे. दिराला घेऊन गाडीत बसले.

"हा पाय काय काम करते, बाई?"

"बसते," मी म्हणाले. "उकिडवा. दिवसभर."

ते हसले. मग डोळे मिटून माझ्या मांडीवरून बोटं फिरवत गेले आणि एका जागी थांबले. "इथं हाड हाडावर चढलं. पुन्हा मोडा लागते."

दिराचा चेहरा उतरला. मी विचारलं, "मोडून बसता येईन?"

"लांबी भरून देतो. गुडघ्याचं वचन देत नाही."

"मंग मोडता कावून?"

"नाही मोडलं तं गुडघ्याची गोष्टच संपली."

असा सरळ भाव सांगणारा माणूस मला बाजारातही क्वचितच भेटला होता. मी हो म्हणाले.

क्लोरोफॉर्मच्या वासापुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा नडगीतून एक सळई आरपार होती. तिला बांधलेला दोर खाटेच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडलेला, आणि त्याला वाळूची पिशवी. ती पिशवी फाटायची, म्हणून त्यांनी दिराला आमच्या तागडीची पासरी, पाच शेरांचं माप, आणायला लावलं. ती हातात तोलून विचारलं, "घेयाची का देयाची?"

घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं ठेवणारे व्यापारी सगळ्यांना ठाऊक असतात. दीर चिडला. "साहेब, आमी भाजी विकतो, इमान नाही."

"रागावू नका. हे माप बाईच्या हाडाले द्याचं आहे, म्हणून विचारलं," असं म्हणून त्यांनी ती काट्यावर तपासली आणि मगच टांगली.

रोज येऊन ते माझ्या दोन्ही टाचा शेजारी शेजारी धरून पाहत आणि निघून जात. एका सकाळी बाजूला सरकून म्हणाले, "पाहा." दोन्ही टाचा एका रेषेत होत्या. मातीतून कोंब वर येताना मी जन्मभर पाहिला, त्याचं कधी नवल केलं नाही. त्या टाचांकडे मात्र ताटातलं गार होईपर्यंत पाहत राहिले.

हाड जुळल्यावर गुडघ्याची पाळी आली. त्यांनी भिंतीशी विटांची चळत रचायला लावली, मला तिच्यावर बसवलं आणि दवाखान्याच्या स्वयंपाकाची मेथी समोर टाकली. "निवडा. फुकट बसाचं नाही." थोडे दिवस गेले की एक वीट कमी होई, गुडघा आणखी वाकवावा लागे. मी दुखण्याने शिव्या देई.

"शिव्या चालतात," ते म्हणत, "पाय मागं घेयाचा नाही."

घरी निघाले तेव्हा दोन विटा उरल्या होत्या. "या घेऊन जा. सरल्या की दाखवायले या. मले पाहाचं आहे."

पहिली वीट संत्र्याला फूल आलं तेव्हा गेली. दुसरी हटता हटेना. फळं पिवळी पडू लागली तेव्हा एका बाजारच्या दिवशी मी ती पायाने बाजूला सारली आणि जमिनीवर बसले. जावेने तागडी माझ्याकडे सरकवली.

त्याच आठवड्यात दोन्ही विटा पिशवीत घालून अकोल्याला गेले. खोलीत दुसरे डॉक्टर होते. कंपाउंडर म्हणाला, साहेब लढाईवर गेले, ब्रह्मदेशाकडे. पुढे त्यांची कसलीच खबर आली नाही.

"बाई, बाकावर बसा," नवे डॉक्टर म्हणाले.

मी विटा भिंतीशी ठेवल्या आणि साहेब बसत त्या रिकाम्या फरशीसमोर उकिडवी बसले. जरा वेळ तशीच राहिले. मग कशालाही न धरता उठले आणि स्टेशनाकडे चालू लागले.