पू न धरणारी जखम

केदारखेड्याला आत्याकडे गेले की मी कमी बोलते. मराठी बोलताना मध्येच शब्द अडतो आणि आत्या लगेच म्हणते, "झाली इंग्लिश मॅडमची गाडी बंद!" चेष्टा प्रेमाचीच असते. तरी मी गप्प होते आणि नुसती बघत बसते.

त्या सुट्टीत मी आत्याची नात बघत होते. जेमतेम रांगायला लागलेली. मांडीवरचा फोड फुटून तिथे खळगा पडला होता, आतून कोरडा. कानामागचा आधीचा फोडही असाच भरत नव्हता. अंगात ताप होता. वहिनी, म्हणजे तिची आई, हळद-तेल लावत होती.

"आमच्या पोरीला पू धरत न्हाई," आत्या कौतुकानं म्हणाली. "एकदाबी न्हाई. रक्तात पांढऱ्या पेशीबी कमी न्हाईत म्हणला डॉक्टर. हरभऱ्याचं पाणी झालं की नेऊ संभाजीनगरला."

मी मायक्रोबायोलॉजी शिकते. पू म्हणजे बऱ्याच अंशी जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तात आहेत, मग जखमेपर्यंत का पोचत नाहीत? हा प्रश्न मला सोडेना. शेवटी मी मोबाइलवर आमच्या लॅबमधला व्हिडिओ लावला. त्यात एक पांढरी पेशी जंतूच्या मागे लागलेली होती.

आत्यानं चष्मा चढवला. "ह्याला पाय न्हाईत. मंग पळून कसं राह्यलं?"

"पेशीच्या आत दोरे असतात. पुढच्या टोकाला नवे तुकडे जोडले जातात, त्यामुळे ती पुढे सरकते. मागचे सुटतात आणि तेच पुन्हा पुढे लागतात. जंतूला कवटाळून गिळायलाही हेच दोरे लागतात."

समोरच्या वावरात आत्याचा मुलगा, दादा, स्प्रिंकलरचे पाइप हलवत होता. मागचा काढून पुढे जोडत होता. मी तिकडे बोट केलं. "तसं."

आत्या वावराकडे वळली. "अन् मागचा पाइप सुटलाच न्हाई तर?"

"तर पुढे जोडायला काही उरत नाही. पेशी जागच्या जागी राहते."

तिनं नातीच्या मांडीकडे पाहिलं. "म्हणजे पू न्हाई, हे..."

"चांगलं नसेलही, आत्या. मला नक्की माहीत नाही. पण थांबू नका."

त्या घरात मी एवढं कधी बोलले नव्हते.

"आन् हरभरा?" वहिनीनं हळूच विचारलं.

"हरभरा कुठं पळून चाललाय? पिशवी भर जल्दी."

संभाजीनगरच्या दवाखान्यात आत्यानं डॉक्टरांना बोलूच दिलं नाही. "साहेब, हिच्या पेशींचे पाइप सुटत न्हाईत का, तेवढं बघा."

डॉक्टर गोंधळले. आत्यानं मला पुढे ढकललं. मी अडखळत सगळं सांगितलं. "पू कधीच नाही?" त्यांनी दोनदा विचारलं, पोरीला दाखल करून घेतलं आणि रक्त बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवलं.

रिपोर्ट आला. दोरे सोडवणारं एक प्रथिन तिच्या पेशींत नीट बनत नव्हतं. ताप तोवर उतरला होता. पुढचे उपचार लांबचे आहेत, पण सुरू झालेत.

आता आत्या फोनवर आधी नातीचं सांगते. परवा म्हणाली, "त्या दोऱ्याचं नाव काय गं?"

"ॲक्टिन."

"हां. मंग कोण्या बाजूला जोडायचं, हे त्याला सांगतं कोण?"

जंतूची चाहूल पेशीला लागते, एवढं मी सांगितलं. त्यापुढे मीही अडले. या वेळी मात्र शब्दासाठी नाही.