माउंटखालची बाई

बाजारात त्यांना सगळे मिलिमीटरबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाजार एवढासा, पाठीमागचं तोंडावर यायला कितीसा वेळ लागतो? बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. काम फोटो माउंट करण्याचं. म्हणजे जाड पुठ्ठ्यात खिडकी कापायची, तिच्या कडा तिरक्या उतरवायच्या, मागून फोटो बसवायचा, मग काच आणि फ्रेम. खिडकी केसभर वाकडी गेली तर गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नसे, पण बाई तो पुठ्ठा बाद करत. शेजारचा घड्याळवाला म्हणे, "बाई, देवानं माणसाचे दोन डोळेसुद्धा एका मापाचे केले नाहीत. तुम्ही कशाला जीव काढता?"

"म्हणून तर त्याच्याकडे कुणी फ्रेम करायला देत नाही," बाई म्हणत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मधे कापायचं टेबल, त्यामागे पडदा. पडद्याआड स्टोव्ह, कॉट आणि एक खुर्ची. खुर्ची एकच, कारण दुसरीवर बसणार कोण? दिवसभर बाईंच्या हाताखालून लोकांची भरलेली घरं जात, नवरे-बायका, नाती-नातवंडं, दात काढून हसणारी सगळी. संध्याकाळी शटर अर्धं ओढून त्या एकट्या जेवत. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. लोकांचं काय जातंय सांगायला!

एक दिवस एक तरुण मुलगी आली. पिशवीतून तिनं मोठा करून आणलेला जुना फोटो काढला आणि काउंटरवर उलगडला. बाईंनी चष्मा पुसला, फोटोकडे पाहिलं, आणि परत चष्मा पुसायला घेतला.

फोटोत तीन मोठी माणसं एका रांगेत होती. मधे एक तरुण. त्याच्या एका बाजूला त्याची बायको, मांडीवर तान्हं बाळ. दुसऱ्या बाजूला लांब वेणीची, ताठ मानेची त्याची मोठी बहीण. ती बहीण म्हणजे बाई स्वतः.

"हे बाळ म्हणजे मी," मुलगी हसून म्हणाली. "नव्या घरात हॉलमध्ये लावायचाय. फक्त काकू, ही कडेची बाई नको. माउंटखाली झाकता येईल ना?"

"येईल," बाई म्हणाल्या. "कोण आहेत या?"

"आत्या. माणूसघाणी आहे म्हणे एकदम. माझ्या लहानपणीच भांडून गेली, मी तर पाहिलेलीच नाही. घरी म्हणाले, झाकूनच टाक."

जिला खांद्यावर टाकून बाईंनी रात्र रात्र फेऱ्या घातल्या होत्या, ती समोर उभी राहून सख्ख्या आत्याला काकू म्हणत होती. तिचा तरी काय दोष? वेणी कधीच गेली होती, उरलेले केस पांढरे होते, आणि डोळ्यांवर हा जाड चष्मा.

भांडण खरं होतं. आई गेल्यावर बाईंनीच धाकट्या भावाला वाढवलं, त्याचं शिक्षण केलं, लग्न लावून दिलं. पुढे वहिनी आली आणि बाईंचा मापाचा सोस तिच्या मानगुटीवर बसला. पडदा तिरका, ताटं वाकडी, चादरीचं टोक लोंबतंय. एकदा चार पाहुण्यांदेखत बाई म्हणाल्या, "हिला या घरात एक गोष्ट सरळ ठेवता येत नाही." वहिनीनं तिथल्या तिथे सांगितलं, एक तर त्या राहतील, नाहीतर मी. भाऊ चकार शब्द बोलला नाही. बाईंनी बॅग भरली. जीभ आवरली असती तर? पण आवरेल ती बाईंची जीभ कसली!

"घरी म्हणाले," असं मुलगी बोलली होती. घरी म्हणजे कोण? वहिनी म्हणाली असेल तर समजण्यासारखं होतं. पण भाऊही म्हणाला का? बाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि नेमकं हेच विचारता येत नव्हतं.

दोन दिवस त्यांनी त्या कामाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पुठ्ठा टेबलावर पालथा घातला. खिडकी नेहमी मागच्या बाजूनं कापतात, म्हणजे पुढून काप स्वच्छ येतो. पण मग मापं उलटी घ्यावी लागतात, डावीकडचं उजवीकडे. इथे नवशिके हमखास फसतात. बाईंनी मापं घेतली, खुणा केल्या, पट्टी दाबून चार काप दिले आणि पुठ्ठा सुलटा करून फोटोवर ठेवला.

वहिनी बाळासकट पुठ्ठ्याखाली गडप झाली होती. खिडकीत दोघंच उरली होती, बाई आणि त्यांचा भाऊ, वहिनी येण्याआधी होती तशी.

इतक्या वर्षांत ही चूक त्यांच्या हातून कधी झाली नव्हती. आधी त्यांना हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली, मग त्या कितीतरी वेळ तशाच बघत बसल्या. छान दिसत होतं ते. खोटं कशाला बोला? बाळाच्या मुठीचं एक टोक तेवढं खिडकीत आलं होतं. ते दिसल्यावर त्या उठल्या. नवा पुठ्ठा घेतला, मापं दोनदा तपासली, आणि स्वतःला व्यवस्थित, काटकोनात झाकून टाकलं.

मुलगी ठरल्या दिवशी आली. फ्रेम बघून खूष झाली. "भिंतीला पुरेल ना, बाबांना विचारते," म्हणत तिनं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल फ्रेमसमोर धरला. बाई काउंटरच्या आत होत्या. मोबाइलची स्क्रीन त्यांना दिसत नव्हती, पण आवाज ओळखायला दिसायची काय गरज? भावाचाच आवाज तो, थोडा जाडा झाला होता, एवढंच.

"वा! छान झालंय," भाऊ म्हणाला. "ताई कुठे गेली? कडेला ताई होती ना?"

बाईंनी काउंटर घट्ट धरला.

"झाकलीय. आईनं सांगितलं. तुम्हाला विचारलं असेल की तिनं."

"नाही विचारलं."

मग तो म्हणाला, "बरं. आईला हवंय ना तसं? राहू दे मग."

नाही विचारलं, हे ऐकून बाईंचा जीव वर आला, आणि राहू दे ऐकून होता तिथे परत गेला. एवढ्याशा वेळात एवढं सुख आणि एवढं दुःख त्यांना कधी झालं नव्हतं. गप्प राहायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण आवरेनाच.

"त्या भिंतीवर ऊन येतं का ते विचार," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "उन्हात लावू नका म्हणावं. फोटो फिका पडेल."

"कोण बोललं?" भावानं विचारलं.

"दुकानातल्या काकू. बाबा? अहो बाबा, छत दाखवताय मला! ... ठेवला वाटतं." मुलीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. "बाबांचं हे असंच. मधेच फोन ठेवून देतात."

बाईंना मात्र कळलं. लहानपणी रडू आलं की तो कुणासमोर रडत नसे. उठून आतल्या खोलीत जाई आणि दाराकडे पाठ करून बसे. थोडा वेळ जाऊ देऊन ताई मागून जाई आणि नुसती शेजारी बसून राही. आत्ताही तो उठून गेला असणार. नव्या घरात जायचं म्हणजे सामानाची बांधाबांध चाललेली असणार. कोणाला पत्ताही लागणार नव्हता.

त्यांनी फ्रेम तपकिरी कागदात गुंडाळली, दोरी बांधली, मुलीच्या हातात दिली. ती पायरी उतरली तशी त्यांनी हाक मारली.

"अगं, ऐक. घरी गेलीस की आधी बाबांजवळ जाऊन बस."

"का हो काकू?"

"बस नुसती," आत्या म्हणाली. "काही बोलू नकोस."