सायगावच्या बाजारातले सोडे

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला सांगितली असती कदाचित, पण ते आधीच गेले होते. बहिणीला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलले. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच बहुधा आज जमेल.

मी रत्नागिरीची. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात कुणी कुणाचा डबा लपवला की मी सगळ्या वर्गाला उभं करायची. ज्यानं केलं त्यानं हात वर करेपर्यंत कुणी बसायचं नाही. आणि हात वर यायचाच. मला त्याचा केवढा अभिमान होता! हे आधीच सांगून टाकते, पुढे धीर होईल न होईल.

तर — सोडे. सोलून वाळवलेली कोलंबी. आमच्याकडे घरात अंडंसुद्धा येत नाही. माहेरी नाही, सासरी नाही. पण चिपळूणला डी.एड. करताना खोलीत केळशीची मैत्रीण होती. ती घरून सोडे आणायची आणि स्टोव्हवर भात करायची. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावला, दुसऱ्या दिवशी ताट पुढे केलं. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्या भाताची आठवण आली नाही असा एक पावसाळा गेला नाही. पण रत्नागिरीत मी सोडे घेणार कुठून? सुक्या मासळीच्या ओळीत पाऊल टाकलं असतं तर माझ्याच हाताखालून गेलेल्या कुणीतरी 'बाई, तुम्ही इथं?' म्हणून हाक मारली असती, आणि माझ्याआधी बातमी घरी पोचली असती.

त्यासाठी व्हिएतनाम गाठावं लागलं. हसू नका — किंवा हसा, इथपर्यंत हसण्यासारखंच आहे.

सहल कुंदाताईंनी ठरवली. कुंदाताई माझ्या नणंद, आम्ही दोघी एकाच घरात राहतो. आम्ही बावीस जण होतो, बहुतेक गावातलेच. शाकाहारी टेबल वेगळं, आणि त्या टेबलाचा कारभार कुंदाताईंकडे. सूप आलं की त्या आधी चमचा घालून तळ ढवळून बघायच्या. त्याच सहलीत जुलेखाभाभी होत्या. आमच्या आळीच्या टोकाला त्यांचं घर, धंदा सुक्या मासळीचा. कुवेतला असलेल्या मुलानं आईला हौसेनं पाठवलं होतं. तो माझ्या वर्गात होता, म्हणून वयानं मोठ्या असूनही त्या मला 'बाई' म्हणतात.

सायगावला सकाळी आम्हाला बेन थान बाजारात सोडलं. जुना, फ्रेंचांच्या वेळचा बाजार. दारावर घड्याळाचा मनोरा, आणि आत एवढ्या अरुंद वाटा की दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीनं अंग चोरावं. कॉफी, काजू, रेशमी कापड, फणसाचे तळलेले गरे! 'हे तर आपल्याकडचेच,' असं म्हणत सगळे गऱ्यांपाशी थांबले. मी पुढे गेले. का गेले? वास आला म्हणून. दुसरं काही कारण नाही.

सोड्यांचे ढीग होते. बारीक, मध्यम, बोटाएवढे, केशरी. त्यांच्यासमोर जुलेखाभाभी आधीच उभ्या. एक सोडा मोडून त्यांनी हुंगला, दुकानदारिणीकडे बघून मान डोलावली. तीही हसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण मिठाचं प्रमाण, उन्हाचं प्रमाण — सगळं बोलून झालं होतं हातांनी.

"बाई, मीठ बेताचां हाय. सुकवलेत बेस," त्या मला म्हणाल्या, सहज, कौतुकानं.

मी इकडेतिकडे बघितलं. आणि म्हटलं, "मला हवेत. कुणाला सांगू नका."

त्या हसल्या नाहीत. हे मला विसरता येत नाही — त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही. ढिगातून एकेक सोडा निवडला, दुहेरी पिशवीत बांधून घेतला, वर स्वतःचा रुमाल गुंडाळला आणि माझ्या कापडी पिशवीच्या तळाशी ठेवून दिला. स्वतः मात्र एक सोडा घेतला नाही. घरात ढीग असताना परदेशातून कशाला न्यायचे?

दुपारी बस निघाली, दोन तासांच्या रस्त्याला. काचा बंद, एसी चालू. दुहेरी पिशवी आणि रुमाल मिळून अर्धा तास टिकले.

आधी कुंदाताईंनी नाक मुरडलं. मग मागून कुणीतरी. मग सहल नेणारे गृहस्थ उठून म्हणाले, कुणी सुकी मासळी घेतली असेल तर सांगा, रागावणार नाही. आणि अख्ख्या बसच्या माना वळल्या. कुठे वळल्या ते सांगायला हवं का? जिचं घर सुक्या मासळीवर चालतं, तिच्याकडे. कुणाला शंकासुद्धा आली नाही.

मला हात वर करता आला असता. फार तर काय झालं असतं? घरातून कुणी काढलं नसतं. कुंदाताई आठवडाभर बोलल्या नसत्या, बाकीचे हसले असते. बस, एवढंच. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर भातशेती होती.

जुलेखाभाभी उठल्या. माझ्या डोक्यावरच्या फळीवरून माझी पिशवी काढली, तळातून गाठोडं बाहेर घेतलं. "माजां हाय ता. माज्या पिशवीत जागा नव्हती, म्हनून बाईंच्या पिशवीत मीच ठेवलां."

आता ते सांगते, ज्यासाठी इतका वळसा घातला. गप्प बसले असते तर तो भित्रेपणा झाला असता, आणि तेवढ्यावर भागलं असतं. पण कुंदाताई माझ्याकडे बघत होत्या — म्हणून मी बोलले. मोठ्यानं, वर्गात बोलायचे त्या आवाजात.

"विचारायचं तरी होतं, भाभी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चुकलां, बाई," म्हणाल्या. रुमाल ओळखीचा होता, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. पुढच्या थांब्यावर गाठोडं कचऱ्याच्या डब्यात गेलं, रुमालासकट. उरलेले तीन दिवस त्या शेवटच्या सीटवर एकट्या बसल्या. जेवताना त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची, आणि ती रिकामी ठेवणाऱ्यांत मीही होते.

याला तीन वर्षं झाली. परतल्यावर पहिल्याच ईदला त्या नेहमीसारख्या शीरखुर्मा घेऊन आल्या. कुंदाताई तेव्हा पुण्याला लेकीकडे होत्या. डब्याखाली आणखी एक डबा होता, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेला. त्या गेल्यावर मी डबा उघडला. सोडे. त्यांच्या घरचे. खिडक्या लावून मी भात केला आणि सगळा खाल्ला. रडले वगैरे नाही. चव तीच होती, केळशीच्या मैत्रिणीची.

मग तरी सांगितलं असेल, असं तुम्हाला वाटेल. ऐका.

त्यानंतर महिन्याभरानं आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सहलीतल्या चौघीजणी आल्या होत्या. वाटली डाळ खाता खाता गोष्ट निघालीच — आमच्याकडे तिला 'सोड्यांचा किस्सा' म्हणतात. कुंदाताई म्हणाल्या, तूच सांग, तुझ्याच पिशवीत सापडले ना!

मी सांगितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातवारे करून. आणि 'चुकलां, बाई' म्हणताना जुलेखाभाभींचा आवाज काढला. हुबेहूब जमला. सगळ्याजणी पोट धरून हसल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही.