भगवान नावाचा संशोधक

गायकवाड सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत हसनाबादला आपल्या ओसरीवर बसवून मला इंग्रजी वाचायला शिकवलं नसतं, तर आज मी हे काम करत नसतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. म्हणून आधी त्यांचं नाव, मग गोष्ट.

"मी चोरी केली म्हणतात, सर," माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसता बसता रेखाताई म्हणाल्या.

त्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मागे त्यांचे वडील उभे होते. तीर्थपुरीहून मोसंबी घेऊन जालन्याच्या मार्केटला आले होते, तसेच लेकीबरोबर माझ्या ऑफिसात आले.

पुण्याच्या एका कंपनीसाठी मी जालन्यात बसून काम करतो. शास्त्रीय जर्नलला जाणाऱ्या लेखांमधले संदर्भ लावून देतो. लेखात 'हे अमक्यानं आधी दाखवलं आहे' असं लिहिलं की ते सायटेशन. त्या अमक्याचा लेख कुठे आणि कधी छापला, याची शेवटी यादी असते, ते रेफरन्सेस. नवख्या पाहुण्याला विचारत न बसता घर सापडावं असा पत्ता द्यायचा, इतकंच ते काम. फक्त प्रत्येक जर्नलची पत्ता लिहायची रीत वेगळी. कुणाला आडनाव आधी लागतं, कुणाला वर्ष कंसात.

रेखाताईंचा लेख मोसंबीच्या फळगळीवर होता. तो स्वीकारल्याचं पत्र आल्याशिवाय पीएचडीचा प्रबंध जमा करता येणार नव्हता आणि मुदत संपत आली होती. त्यात रिव्ह्यूअरचा, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाचा शेरा आला होता. 'तुमच्या लेखातला बराच मजकूर भगवान यांच्या जुन्या लेखाशी जुळतो. त्यांचा उल्लेख कुठेही नाही. खुलासा करा.'

"हे भगवान कोण?" मी विचारलं.

"तेच कळेना. या विषयातली सगळी माणसं मला माहीत आहेत. भगवान कुणीच नाही. आमचे गाइड म्हणाले, वाद घालू नका, त्यांचं नाव यादीत टाका, माफी मागा आणि मोकळ्या व्हा."

"आणि तुम्ही कुणाचं उतरवलंय का?"

त्यांचे डोळे भरले. "बिलकुल नाही."

नाव यादीत टाकायचं तरी पूर्ण पत्ता लागतोच. मी शोधायला बसलो. छापलेल्या लेखांच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत नोंद सापडली: भगवान के. आर., एका परिषदेत वाचलेला निबंध. नोंदीवर थांबायचं नाही, मूळ पान उघडायचं, अशी माझी सवय आहे. पान उघडलं. मथळा वाचून दाखवला. बाग तीर्थपुरीची होती.

रेखाताई उठून स्क्रीनजवळ आल्या. "हा तर माझाच! लग्नाआधीचा. एमएस्सीला असताना वाचला होता."

मथळ्याखाली छापलं होतं: काळे रेखा भगवान.

शाळेच्या दाखल्यापासून आपलं नाव आडनावानं सुरू होतं. परिषदेच्या फॉर्मवर त्यांनी तसंच लिहिलं. नोंद करणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटलं, शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. लग्नानंतर त्या जाधव झाल्या. त्यामुळे जाधव बाईंनी भगवान नावाच्या संशोधकाचं उचललं, असं चित्र तयार झालं.

"काय झालं गं?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, मी तुमचा पेपर चोरला म्हणतात."

"माझा?" ते एक पाऊल पुढे आले. "म्या कव्हा लिवला?"

रेखाताई रडता रडता हसल्या. "तुमची सही घ्यायची तर अंगठा की पेन विचारावं लागतं, आणि तुमचे पेपर परदेशात वाचून राह्यले लोक!"

"मंग सांग ना त्यांला, आमच्या भगवानाला लिवता येत न्हाई म्हणून!"

इतकं सोपं नव्हतं. मी पुण्याला प्राची मॅडमना फोन लावला. त्या आमच्या बॉस.

"संतोष, रिव्ह्यूअरला भगवान हवाय ना? भगवान टाक. विषय संपव."

"मॅडम, मग कायमचं छापलं जाईल की यांनी भगवानचं घेतलं. त्यांच्याच मेहनतीवर त्यांचं नाव राहणार नाही."

"रिव्ह्यूअरशी बोलायचं काम लेखकाचं. आपल्याला फॉरमॅटिंगचे पैसे मिळतात."

"फॉरमॅटिंगच चुकलंय, मॅडम."

मग म्हणाल्या, "पत्राचा मसुदा आधी मला दाखव. आणि लेखकाचं नाव मूळ फाइलमध्ये कुठे फुटू देऊ नकोस."

हे शेवटचं महत्त्वाचं. या जर्नलमध्ये लेख कुणाचा आहे हे तपासणाऱ्याला सांगत नाहीत, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न येत नाही. त्यामुळे 'तो भगवान मीच' असं लेखात लिहिता येत नव्हतं. ते फक्त संपादकाला कळवायचं होतं.

मी संपादकांसाठी वेगळं पत्र तयार केलं. जुन्या निबंधाचं पहिलं पान, एमएस्सीचं प्रमाणपत्र आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडला. मग रेखाताईंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली.

"ताई, चोरी नाही, पण चूक आहे. झाडं कशी निवडली, फळं कशी मोजली, हा भाग तुम्ही जुन्या निबंधातून जसाच्या तसा घेतलाय."

"बाग तीच, रीत तीच. वेगळं काय लिहिणार?"

"दोन ओळींत लिहा आणि पुढे जुन्या निबंधाचा संदर्भ द्या."

"स्वतःचाच? मिरवल्यासारखं नाही का वाटणार?"

"नाही दिला की काय वाटतं, ते बघितलंत ना?"

त्यांनी तिथेच बसून भाग पुन्हा लिहिला. यादीत मी नोंद मूळ पानाप्रमाणे केली: काळे आर. बी. चुकीच्या नोंदीबद्दल त्या आंतरराष्ट्रीय यादीवाल्यांनाही कळवलं. वडील तोवर बाहेरून चहा सांगून आले होते.

पुढे काय झालं, ते मी गायकवाड सरांना पत्रानं कळवलं. तेच इथे देतो.

आदरणीय सर,

सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. रेखा जाधव यांचं प्रकरण मिटलं. संपादकांनी खुलासा मान्य केला. तपासणाऱ्या तज्ज्ञानंही आक्षेप मागे घेतला. लेख स्वीकारला गेला आणि प्रबंध मुदतीत जमा झाला. जुनी नोंद मात्र अजून सुधारलेली नाही, मी आठवण करून देत असतो. मला यातून एवढंच कळलं, की सॉफ्टवेअरनं लावलेली यादी लावलेली असते, तपासलेली नसते.

काल ताईंचे वडील छापील लेख पाहायला आले होते. "माझं नाव काढून टाकलं का मंग समदं?" म्हणाले. मी शेवटच्या पानावरच्या यादीतल्या 'काळे आर. बी.' वर बोट ठेवलं. म्हटलं, हे बी अक्षर म्हणजे तुम्ही.

"येवढंच?"

"एवढंच."

त्यांनी चष्मा लावून ते अक्षर बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बराबर हाय. लिवलं तिनं. म्या निस्तं झाडाला पाणी देल्तं."

तुमचा विद्यार्थी,
संतोष