अर्ध्या भाकरीवरची अक्का

पळताना अक्काच्या श्वासाचा आवाज येत नसे. आम्ही बाकीच्या मुली तिसऱ्या फेरीपासूनच भात्यासारख्या फुसफुसायला लागायचो. अक्का ओठ मिटून मागून यायची आणि बाजूने पुढे निघून जायची. ती गेली हे डोळ्यांसमोर हलणाऱ्या तिच्या वेणीवरूनच कळायचं. शर्यत संपल्यावरही ती कधी कमरेत वाकली नाही की मैदानात आडवी पडली नाही. ओढणीने कपाळ पुसायची आणि विचारायची, "शैले, पानी कुठी आहे व?"

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. जळगावच्या आमच्या कॉलेजात लांब पल्ल्याची शर्यत पळणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अक्का मुक्ताईनगरजवळच्या खेड्यातली. मधली काही वर्षं शाळा सुटली होती, म्हणून ती आमच्यापेक्षा मोठी होती आणि म्हणूनच सगळ्यांची अक्का झाली. पिंप्राळ्यात मावशीकडे राहायची. मी त्याच गल्लीत. सकाळी अंधारातच आम्ही दोघी मैदानाकडे निघायचो, तोवर तिचा मावशीकडचा सडा आणि पाणी भरणं झालेलं असायचं.

ती पहिली यायची आणि मी दुसरी. आमच्या दोघींमध्ये निम्मं मैदान असायचं. माझी आई मला दूध, केळी, मोडाचे मूग द्यायची, वडील घरात कुणाला न सांगता बाहेर उकडलेली अंडी खाऊ घालायचे. अक्का काळा चहा आणि रात्रीच्या भाकरीचा तुकडा खाऊन यायची. मुलींनी त्यावरून काढायचा तो अर्थ काढला होता. खाण्याबिण्याने काही होत नसतं, पळणं रक्तात असावं लागतं. मलाही तेच पटलं होतं. एवढं खाऊन मी दुसरी येत होते, दुसरं काय पटणार?

आमच्या सरांना मात्र ते पटत नव्हतं. सर खेळाचे शिक्षक, मूळचे धुळ्याचे, तरुणपणी स्वतः पळालेले. त्यांचा सगळा विश्वास अंड्यावर. रोज सराव संपला की अक्काला गाठायचे.

"अगं, गाडीला पेट्रोल लागतं की नाही?"

"मी गाडी नाही सर. बैल आहे. कडब्यावर चालते."

"निदान एक अंडं खा. कुणाला कळणार आहे?"

"माळ माह्या बापाच्या गळ्यात आहे सर. अंडं माह्या गळ्यातून कसं उतरीन?"

सगळे हसायचे, सरही. अक्काचे वडील माळकरी होते आणि ती त्यांचा शब्द मोडणार नाही हे सरांनाही माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी अंड्याचा विषय पुन्हा निघायचा. मग कुणी म्हणायचं दूध चालेल, कुणी म्हणायचं खजूर, कुणी शेंगदाणे-गूळ. अक्काने काय खावं यावर मैदानात जेवढी चर्चा झाली तेवढी अभ्यासावर कधी झाली नसेल.

तिचं जेवण मी पाहिलं होतं. मावशी हाताची सढळ बाई. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, डाळ, मिरचीचा ठेचा. मला आग्रह करकरून वाढायची. अक्का सगळ्यांचं वाढून झालं की बसायची, अर्धी भाकरी खायची आणि मावशी वाढायला वाकली की ताटावर हात आडवा धरायची. "झालं व मावशी माह्यं." मावशी म्हणायची, "हिची भूकच तेवढी." तिच्या बोलण्यात काळजीही होती आणि थोडं कौतुकही. पोरगी खायला मागत नाही, काम करते, बक्षिसं आणते. अशा पोरीचं कौतुकच व्हायचं.

दुसऱ्या वर्षी ती आणखी बारीक झाली आणि आणखी जोरात पळायला लागली. सर म्हणाले, "हलकी आहे, म्हणून वाऱ्यासारखी जाते." विद्यापीठाच्या संघात तिचं नाव नक्की असं सगळे धरून चालले. संघात गेली की बाहेरच्या राज्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथे नाव झालं की रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी. तिच्या वडिलांनी तिच्यासाठी आलेलं एक स्थळ त्या आशेवर थांबवून ठेवलं होतं. नोकरी लागली तर धाकट्या बहिणीलाही शिकायला आणेन, असं अक्का म्हणायची. तेवढी एकच गोष्ट मी तिच्या तोंडून इच्छा म्हणून ऐकली.

पुढे हिवाळ्यात तिचा चेहरा पांढुरका दिसायला लागला. जिना चढताना ती कठड्याला हात लावायची. उजव्या नडगीवर दुखतं म्हणाली, म्हणून मावशीने हळदीचा लेप लावला, वर चिंधी बांधली. सरांना तिने स्वतः सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. "निवड झाली का मंग बसून राहीन," म्हणाली. मीही कुणाला सांगितलं नाही. खेळाडूला दुखतंच, असं आम्ही सगळेच मानायचो.

निवड चाचणी धुळ्याला होती. तीन हजार मीटर. मैदानाच्या कडेला गावातली माणसं जमली होती. अक्का पुढे गेली तसा तिचं पळणं बघून एक म्हातारा अहिराणीत ओरडला, "पोर कशी पयस देखा!" शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा तिच्या जवळपास कुणीच नव्हतं. मी खूप मागून येत होते. वळणावर ती मला थांबलेली दिसली. पडली नव्हती, नुसती थांबली होती, एक पाय उचलून, एखादा पक्षी उभा राहतो तशी. मग ती हळूच खाली बसली. मी तिच्या बाजूने गेले तेव्हा ती म्हणाली, "तू जाय." मी गेले. तिसरी आले, संघात निवडली गेले.

दवाखान्यात एक्स-रे काढला. नडगीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथे आधीपासून बारीक चीर होती, त्यावरच ही पळत राहिली. त्यांनी अक्काच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. सरांना बाहेर बसायला सांगितलं आणि मग विचारलं, "पाळी कधी आली होती?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "लय दिवस झाले. वर्ष होऊन गेलं असंन. मी म्हटलं बरं झालं, कटकट गेली."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. सरांना पुन्हा आत बोलावून त्या म्हणाल्या, "ही जेवते किती?"

सर घाईघाईने म्हणाले, "शाकाहारी आहे हो. मी किती वेळा सांगितलं अंडी खा म्हणून, दूध घे म्हणून."

"काय खाते ते मी विचारलं नाही. भाकरी-डाळ वाईट नसते. पोटात पुरेसं गेलं नाही की हाडंही ठिसूळ होतात. किती खाते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर अक्कानेच दिलं. "मी मावशीच्या घरी राहते ना," ती म्हणाली. सगळं सांगून झालं असं तिला वाटलं असावं.

तिच्या त्या वाक्याचा अर्थ मला जळगावला आल्यावर कळला. मावशी तिच्या खाटेशी बसली होती. डॉक्टरांचं बोलणं सरांनी तिला सांगितलं होतं. मावशी रडत नव्हती, पण तिचा आवाज वेगळा झाला होता.

"माह्या घरात भाकरीची कमी व्हती का व?"

"नाही मावशी."

"मी तुले कधी नाही म्हटलं?"

"नाही."

"मंग काहून?"

अक्का भिंतीकडे बघत म्हणाली, "निघताना मायने सांगतलं व्हतं. दुसऱ्याच्या घरी पोट भरू नये, पोटाले आधार द्यावा."

मावशी उठून आत गेली. सर बाहेर ओट्यावर बसले होते. मी बाहेर पडले तेव्हा ते म्हणाले, "मी अंड्याचंच बोलत बसलो गं." मी चप्पल घातली आणि घरी गेले. घरी जेवले, झोपले. मला त्या दिवशी काही वाटल्याचं आठवत नाही. आज आठवायला बसते तेव्हाही तिथे सपाट काहीतरी हाताला लागतं.

मग मी मध्य प्रदेशात त्या स्पर्धेला गेले. तिथल्या खानावळीत अंडी होती, दूध होतं, लोण्याचे गोळे होते. पंजाबच्या उंच मुली शांतपणे भरपूर जेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पळायच्या. मीही जेवले. शर्यतीत माझा नंबर सांगण्यासारखा आला नाही. अंडी-दूध खाऊन मी अक्का होणार नव्हते, हे मला तिथे कळलं. आणि अक्काने पोटभर भाकरी खाल्ली असती तर ती कुठवर गेली असती, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. यावर परतीच्या गाडीत मी बराच वेळ विचार केला, पण तो विचार खिडकीबाहेरच्या शेतांसारखा नुसता सरकत राहिला.

आल्यावर तिच्या गावी गेले. प्लॅस्टरमधला पाय खाटेवर, उशाशी तिची आई. आई दर थोड्या वेळाने वाटीतून काहीतरी भरवत होती आणि अक्का हात आडवा न धरता गिळत होती. आईला कुणी दोष दिला नव्हता. तिला सगळं कळलं होतं की नाही तेही मला सांगता येणार नाही. अक्काने मला शर्यतीबद्दल विचारलं. मैदान कसं होतं, माती की कोळशाच्या राखेचं सिंडर, वारा कोणत्या बाजूचा होता, पहिली आली ती कशी पळत होती. मी सांगत होते आणि ती डोळे मिटून ऐकत होती. चांगल्या पायाचा अंगठा चादरीखाली हलत होता. सांगून संपलं तेव्हा म्हणाली, "पहिली फेरी लय जोरात काढली व त्यांनी." एवढंच.

हाड सांधलं. वडिलांनी थांबवलेलं स्थळ तोवर गेलं होतं, पण वरणगावच्या कारखान्यातला एक मुलगा पुढे आला. पायाचं त्याला सांगूनच लग्न झालं. माणूस चांगला निघाला. धाकटी बहीण शिकायला आली नाही. सर एकदा वरणगावला जाऊन आले, म्हणाले, थोडं थोडं सुरू कर, अजून वय आहे. अक्काने त्यांना चहा दिला, जेवायला बसवलं आणि सांगितलं, "आता नको सर." सरांनी परत विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी मुलींकडून पळण्याचा सराव घेणंही हळूहळू सोडलं आणि खो-खोचा संघ घेतला.

मी पुढे शाळेत खेळ शिकवायला लागले. पालक येऊन विचारतात, बाई, हिला काय खायला देऊ? बदाम देऊ का, पावडर आणू का? मी जमेल ते सांगते. सरावाआधी प्रत्येक मुलीला विचारते, पोटभर जेवलीस का? सगळ्या हो म्हणतात. खरं बोलतात की नाही, हे चेहऱ्यावरून ओळखायला मला अजून आलेलं नाही.

अक्का मला शेवटची भेटली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यात, वरणगावच्या एसटी स्टँडवर. मी एका स्पर्धेहून परतत होते, ती भुसावळला निघालेली. अंगाने भरली होती, चेहऱ्यावर तेज होतं, हातात भाजीची पिशवी. आम्ही मुलांबद्दल बोललो, मावशीच्या गुडघ्यांबद्दल बोललो. पळण्याचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. बोलण्याच्या नादात भुसावळची गाडी लागली आणि सुटली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा आमचं लक्ष गेलं. गाडी अजून फाटकातून वळत होती, अंतर काहीच नव्हतं. पानाच्या टपरीवरचा माणूस ओरडला, "ताई, पळा, पळा, मिळीन!"

माझी दोन पावलं पडलीसुद्धा. मागे वळून पाहिलं तर अक्का जागची हलली नव्हती. तिने पिशवी बाकड्यावर ठेवली, शेजारी बसली आणि पदर नीट केला.

"जाऊ दे व शैले," ती म्हणाली. "दुसरी येईनच."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. गाडीने उडवलेली धूळ समोर हळूहळू खाली बसत होती.