हे कोण ठरवतं?

साऱ्या इंदुरात पोहे खायला न जाता पोहे खाणाऱ्यांना बघायला जाणारी व्यक्ती एकच, आणि ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. नोकरीसाठी साताऱ्याहून एकट्या आल्या आणि बड्या गणपतीजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वीस वर्षं राहिल्या. ठेल्यापाशी त्या प्लेट हातात धरून नुसत्या उभ्या राहायच्या आणि मला कोपराने ढोसून म्हणायच्या, "बघा, वकीलसाहेबांना न मागता जादा शेव मिळाली. ड्रायव्हरला मागून मिळाली. हे कोण ठरवतं?" मी म्हणायचो, "मॅडम, ठेलेवाला." "आणि त्याला कोण शिकवतं?" तोवर माझेही पोहे निवलेले असायचे.

लग्नाला गेल्या की नवरा-नवरी सोडून सगळं बघायच्या. पुढच्या सोफ्यावर कोण बसलं, फोटोला कुणाला हाक मारून बोलावलं, कुणाला नुसतंच "जेवून जा हं" म्हटलं. एकदा वरमाईने त्यांना वहीत लिहिताना पाहिलं आणि केटररकडच्या समजून जिलबी संपल्याची तक्रार केली. मॅडमनी तीही लिहून घेतली. विद्यार्थ्यांना घेऊन परदेशीपुऱ्यात पाहणीला गेल्या, तेव्हा पापड लाटणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं, घराचा मुखिया कोण? बाई म्हणाल्या, "कागज पे वो. घर मैं चलाती हूँ. दो खाने बनाओ, मैडम." मॅडमनी भरलेले सगळे फॉर्म बाजूला ठेवले आणि दोन रकान्यांचे नवे छापून घेतले. आठवडाभर खुशीत होत्या.

आमच्या आईला त्यांनी एकदा सहज विचारलं, "काकू, या घरात चहा कधी करायचा हे कोण ठरवतं?"

"मीच की."

"आणि तुम्हाला कंटाळा आला असेल तेव्हा?"

दुसऱ्या दिवसापासून बाबा स्वतःचा चहा स्वतः करू लागले. "अच्छा खासा घर चाललं होतं," ते कुरकुरायचे, "मॅडमने बिघडवून टाकलं." जिन्यात त्या दिसल्या की मान फिरवायचे.

मागच्या वर्षी मॅडमचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन तातडीने करावं लागलं. भाऊ साताऱ्याहून दुसऱ्या दिवशी पोचणार होता. काउंटरवरचा माणूस मला म्हणाला, "भिया, पड़ोसी नहीं चलेगा. रिश्तेदार के साइन लगेंगे." मॅडम स्ट्रेचरवर डोळे मिटून पडल्या होत्या. मी काय करावं या विचारात, तेवढ्यात मागून बाबांनी पेन ओढून घेतलं, सही केली आणि नात्यापुढे लिहिलं, 'काका'.

"सगे?" त्या माणसाने विचारलं.

"तो क्या सौतेले दिखते हैं?" बाबा कडाडले.

शुद्धीवर आल्यावर मॅडमनी माझ्याकडे फाइल मागितली. तो एक शब्द त्या बराच वेळ बघत राहिल्या. आता प्रश्न येणार म्हणून मी तयारीत होतो. आला नाही. त्यांनी फाइल मिटली, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाल्या, "काकांना म्हणावं, घरी जाऊन जरा पडा."

रिटायर होऊन त्या आता साताऱ्याला भावाकडे असतात. वरचा मजला एका ऑफिसात जाणाऱ्या जोडप्याला दिलाय. भली माणसं आहेत. कुणाला कधी काही विचारत नाहीत.