मुंजीपुरतं हरीण

लीड्सच्या आमच्या मराठी मंडळींत बहुतेक सगळे माणसांचे डॉक्टर आणि मी एकटा जनावरांचा. कोणाकडे जेवायला गेलो की "या, ढोरांचे डॉक्टर" असं स्वागत व्हायचं आणि मी उगाच ओशाळायचो. ओशाळणं हा माझा स्वभावच आहे. बसमध्ये तिकीट तपासनीस चढला की खिशात तिकीट असूनही माझे हात थंड पडतात.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि माझ्याकडे हरणांच्या शेतांची सरकारी तपासणी होती. यॉर्कशरच्या डोंगरांत काही शेतकरी मेंढ्यांऐवजी तांबडी हरणं पाळायला लागले होते. क्षय पसरू नये म्हणून नियम होता, की हरीण शेताबाहेर पाठवायचं तर त्याच्या कानात नंबराचा टॅग हवा. एका शेतकऱ्याला मी या टॅगवरून इतकं छळलं होतं की तो म्हणायचा, बायकोला बाजारात पाठवताना तिलाही लावू का?

त्या वर्षी त्याच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. शहरातल्या हौशी लोकांना कुंपणाच्या आत शिकार करू द्यायची आणि शिंगं देऊन घरी पाठवायचं. ऑफिसला यावर माझं मत हवं होतं. मी पाहणीला गेलो, तर शिकारीसाठी निवडलेला नर बादलीचा आवाज ऐकून धावत आला आणि माझ्या कोटाच्या खिशात तोंड घालून बिस्किटं शोधू लागला. असल्या प्राण्यावर नेम धरायचा तर आधी त्याला लांब ढकलावं लागलं असतं.

नेमकी तेव्हाच आमच्या मुलाची मुंज ठरली. भटजी आमच्यातलेच, आठवडाभर हॉस्पिटलात भूल द्यायचे आणि सुट्टीला सत्यनारायण सांगायचे. सासूबाईंनी पुण्याहून जानवी, पळी, पंचपात्र सगळं पाठवलं. जानव्यात बांधायचं बोटभर हरणाचं कातडं मात्र पाठवता आलं नाही. आता भारतात त्याला हात लावला तर पोलीस येतात, असं त्यांनी फोनवर सांगितलं. भटजी म्हणाले, नसलं तरी भागेल. पण बायकोचं भागेना.

"अहो, बाप हरणांचा इन्स्पेक्टर आणि मुंजीत हरीण नाही? लोक हसतील."

मी म्हटलं, ज्याची तपासणी करतो त्याच्याकडून मी केससुद्धा घेणार नाही.

"तुम्हाला कोण लाच देतंय? बोटभर तर कातडं."

"आज बोटभर."

"मग उद्या काय? मुंज एकदाच होते."

मला दोन्हीकडून टोचत होतं. मुलाच्या मुंजीत उणं राहणार याचं वाईट वाटत होतं, आणि कातडं घेतलं तर त्या नराबद्दल खरं लिहायला हात धजेल का, याची भीती. म्हणून आधी मत लिहून टाकलं: बादलीमागे येणाऱ्या जनावराला कुंपणात मारणं ही शिकार नव्हे, परवानगी देऊ नये. मग शेतावर जाऊन शेतकऱ्याला तोंडावर तेच सांगितलं. मी बाहेर पडल्यावर त्याने फाटक जरा जोरात लावलं. कातड्याचा विषय मिटला, म्हणून मी घरी येऊन निवांत आंघोळीला गेलो.

तेवढ्यात बायकोने शेतकऱ्याच्या बायकोला फोन लावला. मुंज म्हणजे काय, बटू भिक्षा कशी मागतो, माझ्या मनाला कसं सगळंच टोचतं, हे तिने सविस्तर सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला म्हणे, की भिक्षा मिळते कोणाला? मुलाला, इन्स्पेक्टरला नाही, असं हिने सांगितलं. मला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही.

मुंजीच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये शेतकरी कडक सूट घालून, बायकोला घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसला. आईकडून तांदूळ घेऊन झाल्यावर मुलाने लंगोटी सावरत त्याच्यापुढे झोळी धरली. त्याने खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून उलगडला. आत कमावलेल्या कातड्याची पट्टी होती आणि तिला भला मोठा पिवळा टॅग लोंबत होता.

"शेताबाहेर जाणारं हरीण आहे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "टॅगशिवाय कसं पाठवणार? आणि हे पोराला दिलंय. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

मी आधी नंबर वाचला. तो बिस्किटवाल्या नराचा नव्हता. मग तोंड उघडणार, तोच बायको हळूच म्हणाली, "अहो, आता गप्प बसा."

जानवं भिक्षेआधीच घालून झालं होतं, म्हणजे क्रम उलटा झाला होता, पण भटजींनी पट्टी जानव्यात बांधली. आपले पेशंट कधी तक्रार करत नाहीत, तेव्हा देवही करणार नाही, म्हणाले. टॅग तेवढा काढा, असं मी सुचवलं. शेतकऱ्याने नकारार्थी मान हलवली. लावलेला टॅग काढायचा नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.

फोटो पुण्याला गेले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, छातीवर ते पिवळं काय आहे? सरकारी आहे, मी म्हणालो. तिकडे सगळं कसं शिस्तीत असतं, म्हणाल्या.

शिकारीला परवानगी मिळाली नाही. पुढच्या तपासणीला शेतकऱ्याने स्वतः फाटक उघडलं. नर धावत आला आणि त्याने माझ्या खिशात तोंड घातलं. या वेळी मी बिस्किटं नेली होती. सरकारी तपासनिसाने तपासायच्या जनावराला बिस्किट देणं कितपत योग्य, हे मला अजून टोचतं.